कनकी काढलेला तक्ता

तारा क्रमांक एक्केचाळीसमधून सात रेषा निघतात. मी त्या चार वेळा मोजल्या आणि चारही वेळा सातच भरल्या. सहा रेषा बारीक झाडूसारख्या पुढे पसरलेल्या, आणि सातवी त्यांच्या बरोबर मधून, काही घडलंच नाही अशा थाटात सरळ गेलेली. ज्या जागी हे सगळं घडलं ती जागा सूक्ष्मदर्शकातूनही टाचणीच्या टोकाएवढीच दिसते.

तारा म्हणजे आकाशातला नव्हे. फोटोच्या काचेवर असतो तसला लेप, पण पुष्कळ जाड, एका काचेवर चढवतात आणि ती काच मोठ्या फुग्याला बांधून वर सोडतात. वर, हवा जवळजवळ संपते तिथे, अंतराळातून येणारा एखादा कण लेपातल्या चांदीच्या अणुकेंद्रावर आदळतो. त्या टकरीतून नवे कण जन्माला येतात आणि चहूकडे उधळतात. काच खाली आणून धुतली की त्यांच्या वाटा काळ्या रेषांसारख्या दिसू लागतात. त्या रेषांच्या झुबक्याला आम्ही तारा म्हणायचो. माझं काम तारे शोधायचे, प्रत्येकातल्या रेषा मोजायच्या, त्यांच्यामधले कोन मोजायचे आणि वहीत लिहायचे.

या काचा मुंबईच्या एका संस्थेकडून नागपूरला माझ्या प्राध्यापकांकडे आल्या, आणि तिथून एका जुन्या सूक्ष्मदर्शकासकट गोंदियाला माझ्याकडे. नागपुरात मोजणारं कोणी मिळालं नाही असं नाही; फुकट मोजणारं मिळालं नाही. मी एम. एस्सी. होऊन दोन वर्षं इथल्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते, म्हणजे पाण्याला शंभर अंशांवर उकळी येते हे दरसाल नव्या मुलींना सांगत होते. त्यामुळे माझा वेळ रिकामा आहे असं सरांचं मत होतं.

सर म्हणजे डॉ. गंधेवार. त्यांच्यापाशी एक सूत्र होतं. मूळ कल्पना परदेशातली. टक्कर झाली की आलेली सगळी ऊर्जा एका इवल्याशा जागेत थबकते, झाकण लावलेल्या पातेल्यासारखी खदखदते, आणि वाफ उसळावी तसे नवे कण बाहेर पडतात. किती पडतील ते ऊर्जेवर ठरतं. ऊर्जा सोळा पट झाली तर कण दुप्पट. सरांनी त्या सूत्रात स्वतःचा एक गुणक घातला होता. गुणकाला अजून नाव नव्हतं, पण ते कोणाचं असावं याबद्दल सरांच्या मनात काही शंका नव्हती. सूत्राचा आलेख काढला की एक सुरेख वक्ररेषा येई. माझे तारे त्या वक्ररेषेवर येऊन बसले म्हणजे काम झालं.

त्यासाठी त्यांनी मला फक्त जोरकस टकरींचेच तारे निवडायला सांगितलं होतं. झाडू जितका अरुंद, तितकी टक्कर जोरकस. अशा प्रत्येक ताऱ्यातून सूत्राप्रमाणे निदान बारा रेषा तरी निघायला हव्यात. एक्केचाळीसच्या अरुंदपणाकडे पाहता अठरा निघायला हव्या होत्या. निघाल्या सात.

सूक्ष्मदर्शक माझ्या भाऊच्या राइस मिलमागच्या गोदामात, दगडी चौथऱ्यावर ठेवला होता. घरात तसा पक्का चौथरा नव्हता. गोदामात एकच अडचण होती. मिलचं इंजिन सुरू झालं की जमीन थरथरे आणि काचेतले तारे लेझीम खेळू लागत. म्हणून मला बाजाराच्या दिवशी, मिलला सुट्टी असताना, काम करावं लागे. किंवा मग इंजिनाचा पट्टा तुटला की. पट्टा तुटला आणि शाळा सुटलेली असली तर मिलमधून मला निरोप येई. भाऊच्या जुन्या पट्ट्यांनी भौतिकशास्त्राची जी सेवा केली तिची नोंद कुठेही झालेली नाही, म्हणून इथे करते.

मिलमध्ये तांदूळ पाखडणाऱ्या देवकाबाईने पहिल्याच आठवड्यात सगळ्या आळीला सांगून टाकलं होतं, "शामाबाईले दिवसा तारे दिसून राहिले." लोकांनी माझ्या प्रकृतीची चौकशी केली.

आठ महिन्यांत शहाऐंशी तारे झाले. त्यांतले एकोणसाठ वक्ररेषेच्या आसपास होते. सत्तावीस नव्हते. ते खाली, फार खाली होते. कुठे सात रेषा, कुठे पाच, कुठे नऊ. आणि त्या सत्तावीसही ताऱ्यांत मधोमध एक रेषा सरळ पुढे गेलेली होती.

मी यावर पुष्कळ दिवस विचार केला. माझ्या समजुतीप्रमाणे गोष्ट साधी होती. सगळी ऊर्जा थबकतच नाही. आलेला कण धक्का मारतो, थोडं सामान तिथे टाकतो आणि बाकीचं घेऊन पुढे चालता होतो. खदखदतं ते फक्त टाकलेलं सामान. पातेल्याचं झाकण मुळातच उघडं असतं. हे खरं असेल तर सरांचा गुणक बदलून भागणार नव्हतं. सूत्राचा पायाच बदलावा लागला असता. मी हे वहीच्या शेवटी सहा पानांत लिहून ठेवलं आणि कोणालाही सांगितलं नाही. माझी सवय तशी आहे.

जानेवारीत मला चार दिवस भंडाऱ्याला शिक्षकांच्या शिबिराला जावं लागलं. मुलांना विज्ञानाची गोडी कशी लावावी यावर तिथे चार दिवस भाषणं झाली आणि एकही प्रयोग झाला नाही. मी तिथे असताना मिलच्या पत्त्यावर सरांचं कार्ड आलं. परिषदेला निबंध पाठवायची मुदत जवळ आली आहे, सगळा तक्ता नसेल तर नमुना तरी ताबडतोब पाठवा.

माझा भाऊ केशोराव पत्राला त्याच दिवशी उत्तर देणारा माणूस आहे. कार्ड मला होतं, पण नमुना हा त्याच्या कामाचा विषय. तांदळाचा नमुना त्याने हजार वेळा पाठवला आहे. त्याची एक ठरलेली रीत आहे. पोत्यात परखी, म्हणजे टोकदार पोकळ सळई, खुपसून मूठभर तांदूळ काढायचा. तो चाळायचा, म्हणजे कनकी, अर्थात तुटका दाणा, खाली पडते. उरलेल्यातला काळा दाणा देवकाबाई निवडते. मग तो तांदूळ निळ्या कागदाच्या पुडीत बांधून व्यापाऱ्याकडे जातो. पोत्यात कनकी आहे हे व्यापाऱ्याला ठाऊक असतं, दलालाला ठाऊक असतं, भाव त्या हिशेबानेच ठरतो. सगळ्यांना ठाऊक असलेली लबाडी लबाडी राहत नाही. तिला रीत म्हणतात.

भाऊने माझी वही उघडली. 'रेषा' असा एक रकाना होता. त्यात एकवीस, सतरा, चौदा असे भरलेले दाणे होते आणि मधूनमधून सात, पाच, नऊ असे तुटके. दहाच्या आतलं सगळं त्याने वगळलं. उरलेल्या एकोणसाठ ओळी आपल्या वळणदार अक्षरात, आखलेल्या कागदावर उतरवल्या. मधे खाचा राहिल्या तर बरं दिसणार नाही म्हणून त्यांना एक ते एकोणसाठ असे नवे क्रमांक दिले आणि तक्ता रजिस्टर पोस्टाने नागपूरला धाडला. मी परत आले तेव्हा त्याने मला हे सांगितलं नाही. लपवलं नाही, विसरला. हंगामात आपलं जेवण झालं की नाही हेसुद्धा त्याला वहिनीला विचारावं लागतं.

मला कळलं ते सरांच्या पत्राने. पत्र चार पानी होतं, आणि सर पोस्टकार्डाच्या पलीकडे सहसा जात नाहीत. प्रत्येक बिंदू वक्ररेषेवर पडला होता. वीस वर्षांत इतकी स्वच्छ मोजणी पाहिली नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. निबंध दोघांच्या नावाने मार्चअखेर मुंबईच्या परिषदेत वाचला जाणार होता. शिवाय तिथल्या संस्थेत जूनपासून माझ्यासाठी जागा होती. विद्यावेतन, नवा सूक्ष्मदर्शक, आणि अशी इमारत की जिच्या आसपास एकही मिल नाही. फक्त निबंधावर माझी सही हवी होती. 'एकोणसाठही तारे' हे शब्द त्यांनी तीनदा वापरले होते. मी ते तीनदा वाचले आणि मग वही काढून मोजलं. वहीत शहाऐंशीच होते.

मी मिलमध्ये गेले. भाऊ पोत्यांच्या थप्पीवर उभा होता. मी पत्र दाखवलं आणि विचारलं.

"हो, मीच पाठवलो," तो म्हणाला. "तू भंडाऱ्याले होती. मास्तर घाई करून राहिला होता."

"सत्तावीस तारे कुठं गेले, भाऊ?"

"कोनते? ते बारकेवाले? अवो, नमुना होता तो. कनकी घालून नमुना कोन देते?" त्याने माझं तोंड पाहिलं आणि खाली उतरला. "काऊन, पसंत नाही पडला का त्याले?"

पसंत फारच पडला आहे, असं मी सांगितलं. तो हसला, आणि बाकीचा माल पुढच्या खेपेला पाठव म्हणाला.

आता खरं म्हणजे मला एक पत्र लिहायचं होतं, तीन ओळींचं. तक्ता अपुरा आहे, सत्तावीस तारे गळले आहेत, ते सोबत जोडले आहेत. हे पत्र मी सात आठवडे लिहीत होते. पहिल्या मसुद्यात सगळं खरं होतं. दुसऱ्यात भाऊचं नाव गाळलं. तिसऱ्यात सत्तावीसऐवजी 'काही' लिहिलं. चौथ्यात 'काही' ताऱ्यांविषयी 'सवडीने' बोलावं म्हटलं. पाचव्यात फक्त सवड राहिली. सहाव्यात सरांच्या प्रकृतीची विचारपूस होती, आणि तेवढंच मी पोस्टात टाकलं. ते परतीच्या टपालाने उत्तरले की प्रकृती उत्तम आहे.

माझ्याविषयी खोटं कशाला सांगू? मला मुंबईला जायचं होतं. न थरथरणारी जमीन मला माणसांपेक्षा जास्त हवी होती. आणि सत्तावीस ओळी गाळल्याने जगात कोणाचं काही बिघडत नव्हतं, बिचाऱ्या त्या सरळ रेषेचं सोडून. असा विचार मी रोज शाळेत जाताना करी आणि येताना खोडून काढी. वहिनी मंदाबाईने तोवर माझ्यासाठी दोन रजया शिवल्या. मुंबईला थंडी नसते असं मी सांगून पाहिलं. ती म्हणाली, परगावात काय सांगावं. शाळेच्या मुख्याध्यापिकांनी माझ्या जागी दुसरी बाई पाहून ठेवली. माझा निर्णय माझ्याखेरीज सगळ्यांनी घेतला होता.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, बाजाराच्या दिवशी, सर स्वतः आले. सही घ्यायची, काचा आणि सूक्ष्मदर्शक परत न्यायचा, आणि मूळ वही सोबत न्यायची. परिषदेत कोणी मागितली तर असावी म्हणून. भाऊने त्यांना मिलच्या कचेरीत गादीवर बसवलं. दलाल चुन्नीलाल तिथे आधीच टेकलेला होता. तो सुट्टीच्या दिवशीही असतो. त्याचं म्हणणं, भाव सुट्टी घेत नाहीत. सरांनी निबंध गादीवर पसरला आणि भाऊला वक्ररेषा दाखवली. भाऊने ती, धानातून किती तांदूळ निघाला त्या उताऱ्याचा कागद पाहावा तशी, गंभीरपणे पाहिली.

मग सरांनी वही मागितली. मी दिली. खरं सांगायची एवढीच हिंमत सात आठवड्यांत माझ्यात जमा झाली होती, की मागितल्यावर वही द्यायची.

सरांनी पानं उलटली. एकोणसाठावर थांबले नाहीत, कारण वही थांबत नव्हती. शहाऐंशीपर्यंत गेले, परत आले, आणि चष्मा काढून पुसला. मग भाऊने आपण होऊन सगळं समजावून सांगितलं. परखी, चाळणी, कनकी, निळी पुडी. त्याने काही लपवलं नाही. त्याच्या आवाजात थोडा अभिमान होता, आणि तो रास्त होता. काम नीटनेटकं झालं होतं.

मला वाटलं, सर आता रागावतील. मी त्या रागाची वाट पाहत होते, कारण तो आला असता तर मला काही बोलावंच लागलं नसतं. सरांनी कनकी म्हणजे नेमकं काय ते दोन प्रश्न विचारून समजावून घेतलं. मग ते हसले.

"केशोराव, मला जे करायला महिना लागला असता ते तुम्ही एका दुपारी केलंत. सदोष निरीक्षणं बाजूला काढणं ही प्रयोगातली सगळ्यात अवघड पायरी असते."

चुन्नीलालने मान डोलावली. "प्रोफेसर साब, आपका और हमारा धंदा एकच है. माल दिखना चाहिए."

सरांना ही तुलना तितकीशी आवडली नाही, पण त्यांनी ती नाकारलीही नाही. मग ते माझ्याकडे वळले आणि शिकवण्याच्या सुरात बोलू लागले. पुसट रेषा थकलेल्या डोळ्यांना दिसत नाहीत. मिलच्या हादऱ्यात मोजणी चुकणारच. ते सत्तावीस तारे निसर्गाचे नसून भाऊच्या इंजिनाचे आहेत. मी म्हटलं, मोजताना इंजिन बंद असे. ते म्हणाले, इंजिन बंद झालं तरी शरीरात हादरा राहतो.

मी त्यांना गोदामात नेलं. एक्केचाळीसची काच लावलेलीच होती. ते सूक्ष्मदर्शकावर वाकले आणि बराच वेळ वाकलेले राहिले. त्यांचे ओठ हलत होते. मी त्यांचे ओठ पाहत होते; ते सातवर थांबले, पहिल्यापासून पुन्हा सुरू झाले आणि पुन्हा सातवर थांबले. ते चांगले भौतिकशास्त्रज्ञ आहेत. मधली सरळ रेषा त्यांनी पाहिली, आणि तिचा अर्थ त्यांना लागला, हे मला त्यांच्या पाठीवरून कळलं. ते उठले आणि म्हणाले, "इथे उजेड फार कमी आहे."

कचेरीत परत आल्यावर त्यांनी सगळं मिटवून टाकलं. वही फाडायची नाही. तो अप्रामाणिकपणा झाला असता. फक्त नव्या वहीत एकोणसाठ तारे नीट उतरवून घ्यायचे. जुनी वही इथेच, गोदामात राहू दे. निबंधाच्या शेवटी आभारांत केशोरावांचं नाव घालता येईल. भाऊ एकदम सावरून बसला. बारीक अक्षरात का होईना, आमच्या घराण्याचं नाव पहिल्यांदाच छापून येणार होतं.

सरांनी पेनचं टोपण काढलं, निबंधाचं शेवटचं पान माझ्यासमोर केलं आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं. गाडीला दीड तास आहे, म्हणाले. तिथे 'गंधेवार' असं लिहिलेलं होतं आणि शेजारी रिकामी जागा.

मी पेन घेतलं नाही. भाऊ उठून माझ्याजवळ आला. तो हळू बोलायचा प्रयत्न करतो तेव्हा सगळ्यांनाच ऐकू जातं.

"शामे, कर ना सही. तुले इथं काय आहे? पट्टे तुटायची वाट पाहून राहशील जन्मभर." मग आणखी हळू, "माहंच चुकलं असंल तर तसं बोल. पन मुंबई नको सोडू बाई माह्या पायी."

त्याचं चुकलं नव्हतं. त्याने एकदा, एका दुपारी, काही ठाऊक नसताना सत्तावीस दाणे चाळून टाकले होते. मी ठाऊक असून सात आठवडे चाळत होते, आणि सरांनी तर आत्ता, डोळ्यांनी पाहून. आमच्या तिघांत कनकीला कनकी म्हणणारा तो एकटाच निघाला.

सरांनी घड्याळ पाहिलं. न रागावता, अगदी समजुतीने म्हणाले की सहीशिवाय मुंबईची जागा त्यांना धरून ठेवता येणार नाही, आणि काचा व सूक्ष्मदर्शक तर कसंही करून आज त्यांच्याबरोबर जाणारच. वही मात्र माझी. तिच्यावर त्यांचा हक्क नाही. हे त्यांनी उदारपणे सांगितलं. वहीत शहाऐंशी तारे, त्यांचे कोन आणि शेवटची सहा पानं होती. त्यांनी शेवटची पानं उघडली नव्हती.

मी वही त्यांच्या पुढ्यातून उचलली.

"एकोणसाठावर मी सही करत नाही, सर," मी म्हणाले. "शहाऐंशी तारे मी माझ्या एकटीच्या नावाने मुंबईला पाठवते आहे, आणि तुमचं सूत्र चुकलं आहे हे त्यात पहिल्याच ओळीत लिहिते आहे."